मगरिबपर्यंत लूम बंद

माझं शिक्षण चौथी. चौथीची परीक्षा दिली की नाही हे मला नक्की आठवत नाही, आणि ज्यांना आठवलं असतं ते गुरुजी आता राहिले नाहीत. या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फक्त बोला, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, तुम्ही लिहिणार म्हणजे ते तुमचं होणार. मीच लिहीन. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, पण वाक्याला हात लावायचा नाही. ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा "बरं" म्हणाले.

तर मी भिवंडीचा लूम मिस्त्री. जन्म दापोड्याचा. आमच्या दापोड्यात आता जिकडे बघाल तिकडे गोदामं आणि कंटेनरच्या रांगा. माझी दोन्ही पोरं त्याच धंद्यात आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत. मी मात्र पोरवयात लूमच्या शेडमध्ये शिरलो तो गुडघे बोलायला लागले तेव्हाच बाहेर आलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लूम म्हणजे बटण दाबलं की कापड. तसं नसतं. आमचा साधा लूम म्हणजे लोखंडाचा रेडा. उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन लाकडाचा धोटा इकडून तिकडे पळत असतो. त्याला दोन्ही बाजूंनी एक दांडा फटका मारतो. फटका जोरात बसला तर धागा तुटतो. हळू बसला तर धोटा मध्येच अडकतो. वाकडा बसला तर धोटा उडून बाहेर येतो आणि समोरच्याचं डोकं फोडतो. तो फटका कसा बसायला हवा हे जुळवून देणारा माणूस म्हणजे मिस्त्री. कान लावायचा, पाना फिरवायचा, परत कान लावायचा. सगळी शेड धडधडत असताना त्यातला कुठला लूम आजारी आहे हे मी दारातून सांगायचो, चप्पल काढायच्या आधी. यात फुशारकी नाही. म्हणजे आहे, पण खोटी नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एका कारखानदाराचा लूम रोज दुपारी आपोआप थांबायचा. त्यानं लिंबू बांधलं, ताईत बांधला, मौलवी आणले, शेवटी मला आणलं. मी बघितलं तर दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकातून नेमकं चामड्याच्या पट्ट्यावर पडत होतं आणि पट्टा सैल होत होता. मी पत्र्याला डांबर लावलं. शेठ म्हणाला, "मिस्त्री, असर तो ताईत का ही है, आप तो बहाना हो."

दुसरे एक डॉक्टर. त्यांनी शेडला लागून दवाखाना घेतला, शुक्रवारी बघून. मग मला बोलावलं आणि म्हणाले, "अहो, पेशंटच्या छातीला नळी लावली की मला लूम ऐकू येतो. माणूस जिवंत आहे की नाही हेच कळत नाही." शेजारच्या शेडमधल्या लूमच्या पायांखाली मी ट्रकच्या टायरचे तुकडे कापून बसवले. आवाज गेला नाही, पण जमिनीचा धक्का अर्ध्यावर आला. तेव्हापासून भिवंडीत आवाजाचं, धक्क्याचं काही काम निघालं की लोक म्हणायचे, मिस्त्रीला विचारा.

वर शुक्रवार म्हटलं ते लक्षात ठेवा. भिवंडीचा रविवार शुक्रवारी असतो. जुम्म्याला लूम बंद. गाव इतकं गप्प होतं की चिमण्या ऐकू येतात. आणि रविवारी, जेव्हा बाकीचं जग झोपलेलं असतं, तेव्हा आमच्याकडे सगळे लूम पुऱ्या जोरात. हे भिवंडीच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. पण बायकांच्या बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरवायला जी मंडळी आली, ती बाहेरची. आधीचे डाव कॉलेजात झाले; शेवटच्या दिवसासाठी मोठा हॉल बघायला आली शुक्रवारी, आणि सामना ठेवला रविवारी.

आता बुद्धिबळात माझा काय संबंध, ते सांगतो.

माझा एक दोस्त आहे, गौतम. दिघाशी गावचा. आमच्याच शेडमध्ये कांड्या भरायचा, म्हणजे धोट्यात जो धागा जातो तो गुंडाळून द्यायचा. लाईट गेली की सगळी शेड बिड्या ओढायला बाहेर जायची आणि आम्ही दोघं ओट्यावर पट मांडून बसायचो. त्याची मुलगी सुजाता शाळा सुटली की बापाचा डबा न्यायला यायची आणि आमच्या डोक्यावर उभी राहायची. मी सांगतो, तिला मी शिकवलं. गौतम सांगतो, त्यानं शिकवलं. सुजाता म्हणते, "दोघांच्या चुका बघून शिकले." कशी का शिकेना, आज देशातल्या पहिल्या चार-दोन बायकांत तिचं नाव घेतात. खेळाच्या जागेवर नोकरी लागली. परदेशात जाऊन आली. भिवंडीत स्पर्धा आली तीही तिच्याचमुळे.

शेवटच्या दिवशी तिची गाठ पडली रेवतीशी. रेवती तमिळनाडूची, तीही तसलीच मोठी खेळाडू. तोवर रेवती अर्ध्या गुणानं पुढे होती. बुद्धिबळात जिंकलं तर एक गुण, बरोबरी झाली तर दोघींना अर्धा अर्धा. म्हणजे हिशेब सोपा: सुजाता जिंकली तर सुजाता विजेती, बरोबरी झाली तरी रेवती विजेती. सुजाताला जिंकायलाच पाहिजे होतं, आणि तेही आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर. गौतम तीन दिवस नीट जेवला नव्हता.

सामना ज्या लग्नाच्या हॉलमध्ये होता, त्याच्या दोन्ही अंगाला रफिक शेठच्या शेड. मी त्या दिवशी धोतर-सदरा घालून, पहिल्या रांगेत बसायचं म्हणून लवकर गेलो होतो. दारातच संयोजकांनी धरलं. "मिस्त्री, लवकर चला. सोंगट्या चालतायत."

स्टेजवर टेबल, टेबलावर पट, आणि पटावर सगळे मोहरे थरथरत होते. एक प्यादं तर बघता बघता आपल्या घरातून शेजारच्या घरात निघालं. पंच म्हणून पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. त्या डोक्याला हात लावून उभ्या.

"आजोबा, रविवारी कारखाने चालू कसे?"

"बाई, तुम्ही बघायला कधी आल्तात?"

"शुक्रवारी."

"मंग!"

टेबलाच्या पायांखाली मी टायरचे तुकडे दिले. मोहरे जागेवर राहिले. पण आवाज? पंचबाई म्हणाल्या, असल्या आवाजात इतक्या मोठ्या खेळाडूंना मी बसवू शकत नाही, सामना दुसरीकडे हलवावा लागेल. दुसरीकडे म्हणजे ठाण्याला. हे ऐकून गौतमचं तोंड असं झालं की जणू कुणी मुलीची वरातच परत नेली. मी म्हटलं, थांबा. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि रफिक शेठकडे गेलो.

शेठ गल्ल्यावर बसला होता. ऐकून हसायला लागला. "मिस्त्री, सगी बहन की शादी हुई इसी हॉल में, तब भी मैंने लूम बंद नहीं किए. शतरंज के लिए करूँ?"

"शेठ, शादी में शोर चलता है."

"वो तो है." मग जरा गंभीर झाला. "मेरा कुछ नहीं. कारीगरों से पूछो. उनका मीटर पे है."

हेच खरं. लूमवरचा कारीगर जेवढे मीटर कापड काढेल तेवढीच त्याची मजुरी. लूम बंद, तर तो दिवस रिकामा. मी शेडमध्ये गेलो. कारीगरांत सगळ्यात जुना लालमन, जौनपूरकडचा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस्त्री, औरतें खेलेंगी लकड़ी के घोड़े, और चूल्हा बंद हमारा?"

मी म्हटलं, फुकट मागत नाही. बंद असतील तेवढ्या वेळात दोन्ही शेडचे सगळे लूम मी स्वतः जुळवून देतो. आज जेवढं कापड जाईल तेवढं पुढच्या आठवड्यात निघेल, कारण धागा तुटणार नाही. मी काम सोडून वर्षं झाली होती. माझा हात पुन्हा लूमला लागणार म्हटल्यावर दोन-तीन कारीगर पुढे सरकले. लालमन मात्र पक्का.

"कब तक बंद?"

"मगरिब तक. अजान हुई कि लूम चालू."

"पक्का?"

"मेरी जबान है. तेरे से कभी झूठ बोला क्या?"

"दो बार."

"तीसरी बार नहीं बोलूँगा."

सगळे हसले. मगरिब म्हणजे सूर्य बुडतानाची नमाज. दुपारी सुरू झालेला डाव तोवर नक्की संपेल, असं मला पंचबाईंनीच सांगितलं होतं. आमच्या धंद्यात करारबिरार काही नसतो. लूम विकले जातात, शेड भाड्यानं जातात, सगळं जबानीवर. मी हात वर केला आणि दोन्ही शेडचे लूम एकामागून एक थांबले. अशी शांतता रविवारी भिवंडीत मी कधीच ऐकली नव्हती. मला माझाच अभिमान वाटला, का वाटू नये?

पण याचा एक अर्थ मला उशिरा कळला. सगळे लूम जुळवायचे म्हणजे डाव काही मला बघायला मिळणार नव्हता. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची तशीच राहिली आणि मी धोतर खोचून लूमखाली शिरलो.

गौतमही हॉलमध्ये बसू शकेना. म्हणाला, छातीत धडधडतंय. मग तो माझ्याजवळ येऊन बसला, बॅटरी धरायला आणि पाना द्यायला. मधूनमधून उठायचा, हॉलच्या खिडकीपर्यंत जायचा आणि बातमी घेऊन यायचा. मी लूमखालून विचारायचो.

"काय झालं?"

"घोडा मारला."

"कोणी कुणाचा?"

"ते न्हाय पाहिलं. डोळं मिटलं माझं."

"मंग गेलास कशाला?"

"ऱ्हावलं न्हाय."

असं दुपारभर चाललं होतं. खुसूरपुसूर बोलायचो, कारण खिडकीतून आवाज जाईल ही भीती. पान्याचा आवाज होऊ नये म्हणून मी त्याला फडकं गुंडाळलं होतं. कारीगर भिंतीला टेकून बसले होते. काही झोपले. लालमन मात्र झोपला नाही, तो माझे हात बघत होता. एकदा हळूच म्हणाला, "हाथ अभी भी सीधा है, मिस्त्री." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

ऊन कलायला लागलं तसा गौतम जवळजवळ पळतच आला. "अरे, तिच्याकडं उंट जास्ती झाला! एक पुरा उंट! शेजारचा मानूस म्हनला, आता जिंकली."

मी लूमखालून बाहेर आलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ग्रीसचा हात त्याच्या पाठीवर मारला आणि त्याचा पांढरा सदरा खराब केला. त्याला त्याचं काही नव्हतं.

शेवटचा लूम हातावेगळा झाला तोवर उजेड पिवळा पडला होता. डाव अजून चालूच. तेवढ्यात स्पर्धेला पुरस्कार देणारे पूर्णा गावचे एक भाऊ, मोठ्या गोदामांचे मालक, शेडमध्ये आले, मागे चार माणसं.

"मिस्त्री, अजून तासभर बंद ठेवायचं. आपली पोर जिंकतेय."

"मगरिबला चालू करनार म्हणून शब्द दिलाय, भाऊ."

"शेठशी मी बोलतो." त्यांनी तिथंच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून रफिक शेठ म्हणाला, "मिस्त्री, मेरी तरफ से घंटा नहीं, दो घंटा रखो. आप जो बोलें."

भाऊंनी हात पसरले, झालं ना म्हणून. मी कारीगरांकडे बघितलं. सगळे उठून आपापल्या लूमपाशी जाऊन उभे राहिले होते. पाळी संपायला अजून वेळ होता, तेवढ्यात जमेल तेवढं कापड काढायचं होतं त्यांना. कुणी एक शब्द बोललं नाही. लालमनही नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडलो असतो. तो नुसता उभा होता.

मी भाऊंना म्हटलं, "शब्द शेठला न्हाय दिला. यांना दिलाय."

"अहो, हे काय बोलणार आहेत? मी सांगतो त्यांना."

"तुमी सांगाल हो. पन मी मोडनार न्हाय."

"गावाच्या पोरीला बुडवनार का म्हातारपनी?" मागच्यांपैकी एक जण बोलला.

त्याच्याकडे मी पाठ केली. पण मग गौतम पुढे आला. त्यानं माझा हात धरला, ग्रीससकट. "अर्धा तास. फक्त अर्धा तास माग त्यांच्याकडं. तू मागितलास तर देतील. माझ्यासाठी माग."

खरं होतं. मागितला असता तर लालमननं दिला असता. पण ज्याच्याकडे नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याकडे मागायचं कसं? सकाळी मी त्यांना विचारलं तेव्हा ते नाही म्हणू शकत होते. आता शेठचा होकार आला होता, भाऊ उभे होते, अख्खा हॉल भरलेला. हे मागणं नव्हतं.

मी म्हटलं, "गौतम, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी तुझ्या जागी न्हाय. मी तिचा बाप हाय."

तेवढ्यात अजान झाली. पूर्ण होईपर्यंत आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. मग मी गौतमच्या हातातून हात सोडवला, लालमनच्या लूमपाशी गेलो आणि चालू-बंद करायचा दांडा ओढला. दुसऱ्या कुणाला ओढू दिला नाही. चालू करायचाच होता, तर लोकांनी बोट माझ्याकडे दाखवावं. एक लूम बोलला, मग दुसरा, मग दोन्ही शेड. आणि सांगतो, काय बोलत होते! एकसुरात, मृदंगासारखे. मी आयुष्यात इतके चांगले लूम जुळवले नव्हते. ऐकायला गौतम तिथं थांबला नाही.

मी हॉलमध्ये गेलो तेव्हा पंचबाई दोघींना हातवारे करून विचारत होत्या, थांबवायचा का? दोघींनी माना हलवल्या, नको. टायरचे तुकडे आपलं काम करत होते, मोहरे जागचे हलत नव्हते. मी मागच्या भिंतीला उभा राहिलो. रेवतीनं मान वर केली, खिडकीकडे बघितलं आणि हसली. डाव सुरू झाल्यापासून ती एकदाही हसली नव्हती, असं माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. आणि दात ओठ खाऊन पुढे म्हणाला, "हसनारच. हिचं काम झालं."

मोठ्या पडद्यावर पट दिसत होता. एकेक मोहरा कमी होत गेला. शेवटी रेवतीकडे उरला एकटा राजा. दुसरं काही नाही. उघडा राजा! आणि सुजाताकडे राजा, उंट आणि प्यादं. लोक उठून उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. मीही मनात म्हटलं, जिंकली. तेवढ्यात सुजातानं हात पुढे केला, रेवतीनं तो हातात घेतला आणि पंचबाईंनी सांगितलं, डाव बरोबरीत.

हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो काय सांगू. "एकीकडं फौज आणि दुसरीकडं नागडा राजा, ही कसली बरोबरी?" आमच्या जुन्या खेळात याला बुर्जी म्हणायचे. एकटा राजा उरला की डाव तिथंच थांबायचा, पण ज्याचा राजा उघडा पडला त्याची शेडभर टिंगल व्हायची. इथं तर उघड्या राजावालीला कप मिळाला. कुणाला काही कळेना, आणि न कळलेल्या गोष्टीला लोकांना कारण लागतं. कारण शेजारी धडधडत होतं. "लूम चालू झाले आणि पोरीचं चित्त उडालं." रात्रीपर्यंत हे भिवंडीभर झालं. मिस्त्रीनं हट्टापायी पोरीचा कप घालवला.

मला लोकांचं काही नव्हतं. मी आयुष्यभर लूमच्या आवाजात काम केलंय, लोकांचा आवाज त्यापुढे काय? पण गौतम बोलायचा बंद झाला. बाजारात समोरून आला तर रस्ता ओलांडायचा. माझ्या नातीच्या लग्नाला त्याच्या घरचे सगळे आले, तो आला नाही. मीही त्याच्या दारात गेलो नाही. कशाला जाऊ? मी चुकलो नव्हतो. पण घरात संध्याकाळी पट काढून समोर ठेवायचो आणि परत गुंडाळून ठेवायचो. आणि एक गोष्ट मनात राहायचीच. मी चुकलो नव्हतो हे खरं, पण माझ्या बरोबर असण्यानं तिचं नुकसान झालं का?

चार-पाच महिन्यांनी सुजाता आली. माझ्या दापोड्याच्या घरी, सोबत बापाला घेऊन. गौतम ओट्याच्या टोकाला पाठ करून बसला. सुजातानं माझाच पट मागितला आणि तो शेवटचा डाव मांडला. तिचा राजा, उंट, प्यादं. समोर उघडा राजा.

"मिस्त्रीकाका, जिंकून दाखवा."

मी पांढरे घेतले. बसलो ते बसलोच. काही केल्या जमेना. माझं प्यादं होतं पटाच्या अगदी कडेच्या ओळीत. त्याला वजीर व्हायचं तर कोपऱ्यातल्या घरात पोचायला हवं, आणि सुजाताचा राजा त्याच कोपऱ्यात जाऊन बसलेला. त्याला तिथून हुसकायचं तर उंटानं. पण उंट चालतो फक्त काळ्या घरांतून, आणि कोपरा पांढरा. कितीही नाचवला तरी माझा उंट त्या घरात जाऊच शकत नव्हता. शेवटी मी हात वर केले.

"देव आला तरी जिंकणार न्हाय," मी म्हटलं.

"हेच सांगायचं होतं. प्यादं कडेच्या ओळीत गेलं तिथंच डाव संपला होता. मीच नेलं तिकडं. मधल्या ओळीत ठेवलं असतं तर मी जिंकले असते."

आता मला विचारायचं होतं ते मी विचारलं. फिरवून विचारायची मला सवय नाही. "बाय, कडेला कधी नेलंस? लूम चालू झाल्यावर का आधी?"

"आधी, काका. बराच आधी."

ओट्याच्या टोकाला गौतमची पाठ जरा ताठ झाली.

"मंग चुकलीस कशी? सगळं गप्प होतं की तवा."

सुजाता म्हणाली, "गप्प होतं म्हणूनच. काका, मी लूमच्या आवाजात वाढले. शेडमध्ये सगळे लूम एकदम कधी थांबतात? लाईट गेली की, नाहीतर कुणाला लागलं की. त्या दिवशी हॉलमध्ये लाईट होती. बाबांचा हात पट्ट्यात गेला तेव्हा मी डबा न्यायला आले होते. अशीच सगळी शेड गप्प झाली होती. दुपारभर माझं अर्धं डोकं तेच विचारत होतं, कुणाला लागलं, कुणाला लागलं. तुम्ही लूम चालू केले तेव्हा कुठं माझा श्वास मोकळा झाला. पण तोवर प्यादं कडेला गेलं होतं."

तो दिवस मलाही आठवला. गौतमची दोन बोटं त्या दिवशी गेली, आणि दांडा ओढून लूम मीच बंद केला होता.

"आणि रेवती?" मी विचारलं. "ती हसली कशाला?"

"ती इरोडची. त्यांच्या घराखालीच लूम आहेत. नंतर मला म्हणाली, लूमचा आवाज आला आणि एकदम घरची आठवण आली."

माझं मन राखायला सांगत होती म्हणावं तर, मन राखायला कुणी असं सांगत नाही. म्हणजे हिशेब असा निघाला. लूम चालू केले त्यात माझी काही चूक नव्हती. लूम बंद केले, ज्याचा मी गावभर अभिमान सांगत फिरलो, तिथं पोर अडखळली. तरी मी म्हटलं, "मला काय म्हाईत? पंचबाई सामना ठाण्याला नेत होत्या. बंद केले नसते तर इथं डावच झाला नसता."

आता गौतम वळला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"शब्द पाळलास ते बरोबर," तो म्हणाला. "पन दिलास कशाला, येड्या?"

"तुझं तोंड बघून दिला! वरात परत गेल्यासारखं केलं होतंस!"

"माझ्या तोंडावर ढकलू नको आता."

सुजाता हसत आत पाणी प्यायला गेली. गौतम ओट्यावरून सरकत सरकत पटापाशी आला, उरलेल्या तीन बोटांनी त्यानं काळे मोहरे आपल्याकडे ओढले आणि लावायला लागला. पांढरे मी घेतले. वयानं मी मोठा आहे, पहिली चाल माझीच.